निळ्या पडद्यामागचा इतिहास

घरच्या कॉम्प्युटरवर आज एखादा प्रोग्रॅम अडकला तर तेवढाच बंद पडतो, बाकीचं काम चालू राहतं. इथपर्यंत पोहोचायला वीस वर्षं लागली आणि त्यातली बरीचशी तडजोडीत गेली.

१९८१च्या आयबीएम पीसीत ८०८८ प्रोसेसर होता. कोणत्या प्रोग्रॅमने मेमरीच्या कोणत्या भागात लिहावं, यावर त्याचं कसलंच नियंत्रण नव्हतं. प्रोग्रॅमने चुकून डॉस या त्या मशीनच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्याच जागेत लिहिलं की मशीन गोठायचं. बरेचदा सूचनाही यायची नाही, कारण सूचना देणारी यंत्रणाच बिघडलेली असायची. १९८४च्या मॅकिंटॉशवर चित्रकार सुझन केअर यांनी काढलेलं बॉम्बचं चित्र दिसायचं, पण आतली स्थिती फार वेगळी नव्हती. मेमरीचं खरं संरक्षण मॅकला २००१मध्ये, मॅक ओएस टेनबरोबर मिळालं.

उपाय हार्डवेअरमध्ये केव्हाच आला होता. इंटेलच्या ८०२८६ने १९८२मध्ये ‘प्रोटेक्टेड मोड’ आणला, १९८५च्या ८०३८६ने तो आणखी सक्षम केला. प्रोग्रॅमने हद्द ओलांडली की प्रोसेसर त्याला तिथेच अडवून ऑपरेटिंग सिस्टिमला कळवतो. विंडोज ३.१मध्ये (१९९२) दिसणारा ‘जनरल प्रोटेक्शन फॉल्ट’ म्हणजे हेच कळवणं. तरीही घरच्या विंडोजने या संरक्षणाचा पुरता वापर केला नाही, कारण लोकांकडचे जुने डॉस आणि १६-बिट प्रोग्रॅम चालायलाच हवे होते. विंडोज ९५ने नव्या, ३२-बिट प्रोग्रॅमना स्वतंत्र जागा दिली, पण सिस्टिमच्या मेमरीचा काही भाग सगळ्यांना लिहिण्यासाठी खुलाच ठेवला. त्या काळी एका प्रोग्रॅमपायी अख्खं मशीन बसायचं, ते यामुळे. वर ‘या प्रोग्रॅमने बेकायदा कृती केली आहे’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना यायची. प्रोग्रॅमरसाठी लिहिलेलं ते वाक्य घरातल्या माणसासमोर ठेवणं मला आजही अन्यायाचं वाटतं. वाचणाऱ्याला आपल्याच हातून काही बिघडलं असं वाटायचं आणि पुढे काय करावं हे कोणीच सांगत नसे.

मायक्रोसॉफ्टमध्येच याला समांतर दुसरं काम चालू होतं. डेव्ह कटलर यांच्या चमूने घडवलेलं विंडोज एनटी १९९३मध्ये आलं. त्यात प्रोग्रॅम आणि कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, यांच्यात पक्की भिंत होती. बिघाड कर्नलच्याच आत झाला, तर एनटी निळा पडदा दाखवून मुद्दाम थांबायचं. गोंधळलेल्या मेमरीसह पुढे गेलं तर डिस्कवरच्या फायलीही खराब होण्याचा धोका असतो, म्हणून हे थांबणं. थांबताना मेमरीतली माहिती फाइलमध्ये साठवता येई, आणि तज्ज्ञाला त्यातून कारण शोधता येई. निळ्या पडद्याला लोक बिघाड समजतात, पण खरं तर तो बिघाडानंतरचा बचाव आहे. एनटीला किमान १२ एमबी रॅम लागे, विंडोज ९५ ४ एमबीवर चाले, आणि रॅम तेव्हा महाग होती. त्यामुळे एनटीचा पाया घराघरांत पोहोचला तो २००१मध्ये, विंडोज एक्सपीच्या रूपाने.

एक्सपीने आणखी एक गोष्ट आणली. क्रॅश झाल्यावर ‘अहवाल पाठवायचा का?’ असं विचारणारी खिडकी उघडू लागली. कित्येकांनी ती न वाचताच बंद केली असेल, पण ज्यांनी अहवाल पाठवले त्यांचं ऋण मोठं आहे. २००२मध्ये मायक्रोसॉफ्टचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह बामर यांनी ग्राहकांना लिहिलं की एकूण चुकांपैकी निम्म्या केवळ १ टक्का बगमुळे, म्हणजे कोडमधल्या दोषांमुळे, होतात. आधी काय दुरुस्त करायचं, हे आता अंदाजाने ठरवावं लागत नव्हतं.

उरला प्रश्न ड्रायव्हरचा. ड्रायव्हर म्हणजे हार्डवेअर चालवणारा, बरेचदा इतर कंपन्यांनी लिहिलेला कोड, पण तो कर्नलच्या आत चालतो. एक्सपीनंतरच्या विंडोज व्हिस्टाने डिस्प्ले ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलबाहेर काढला. तेव्हापासून तो ड्रायव्हर अडकला तर बहुतेकदा पडदा क्षणभर काळा होऊन पूर्ववत होतो, मशीन रीस्टार्ट करावं लागत नाही. सुरक्षा सॉफ्टवेअर मात्र आतच राहिलं. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आणि भारतातल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. घरच्या पीसींना याचा फटका जवळपास बसलाच नाही, कारण हे सॉफ्टवेअर कंपन्या वापरतात. तिथेही विंडोज नियमाप्रमाणे थांबलं होतं, पण रीस्टार्ट होताना क्राउडस्ट्राइकचा तोच ड्रायव्हर पुन्हा चालू व्हायचा आणि मशीन पुन्हा कोसळायचं. त्यानंतर मायक्रोसॉफ्टने सुरक्षा सॉफ्टवेअर कर्नलबाहेर चालवण्याची व्यवस्था उभारायला घेतली. २०२५मध्ये विंडोज ११चा निळा पडदाही काळा झाला. त्यावर आता थांबण्याचं कारण आणि दोषी ड्रायव्हरचं नाव ठळकपणे दिसतं.