देसाईगंजची रात्र आणि संमतीची व्याख्या

२६ मार्च १९७२. देसाईगंज, तिकडच्या लोकांच्या तोंडी वडसा, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं; आज ते गडचिरोलीत येतं. चौदा ते सोळा वर्षांच्या एका आदिवासी मुलीला त्या रात्री पोलीस ठाण्यात आणलं होतं. आईबाप नव्हते. मोलमजुरी करून भावाबरोबर राहायची. जिथे कामाला जायची तिथल्या बाईच्या भाच्याशी तिचं जमलं होतं, ते भावाला पटलं नाही, आणि त्यानं बहिणीला पळवून नेल्याची तक्रार दिली होती. जाबजबाब होता होता रात्रीचे साडेदहा वाजले. सगळ्यांना घरी जायला सांगितलं, तिला मात्र ठेवून घेतलं. बाहेर थांबलेल्यांना थोड्या वेळानं ठाण्यातले दिवे बंद दिसले, दारालाही आतून कडी. ती जिच्याकडे कामाला होती ती बाई इमारतीच्या मागच्या बाजूला गेली आणि तिला नावानं हाक मारली. आतून ओ आली नाही.

ते नाव मी इथे लिहीत नाही. कायद्याच्या पुस्तकांत, वर्गांत, भाषणांत हे प्रकरण तिच्याच नावानं ओळखलं जातं, कारण तिची ओळख झाकून ठेवणारं कलम तेव्हा अस्तित्वातच नव्हतं. ते पुढे आलं, आणि आलं ते तिच्या प्रकरणातून उठलेल्या संतापामुळे. बलात्कार झालेल्या स्त्रीला आज कायद्यानं जे हक्क दिलेत, त्यांतल्या कितीतरी हक्कांचा माग काढत गेलं की वाट याच ठाण्याच्या दाराशी येते.

ठाण्यात तिच्यावर लैंगिक अत्याचार केल्याच्या आरोपावरून दोन पोलिसांवर खटला चालला. १९७४ साली सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं. मुलगी खोटारडी आहे, तिला शरीरसंबंधांची सवय होती, असं निकालात नोंदवलं गेलं. डॉक्टरांच्या तपासणीतल्या जुन्या खुणा तिच्याविरुद्ध वापरल्या गेल्या. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं हा निकाल फिरवला. भीतीपोटी गप्प राहणं म्हणजे होकार नव्हे, हे तिथल्या न्यायमूर्तींना दिसलं. एका पोलिसाला बलात्कारासाठी पाच वर्षांची आणि दुसऱ्याला विनयभंगासाठी एक वर्षाची शिक्षा झाली. पण सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष ठरवलं. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे प्रतिकार झाला नाही, म्हणजे जे झालं ते शांततेत पार पडलं, असा तो तर्क होता. कुलूपबंद ठाणं, गणवेशातली दोन माणसं, बाहेर अंधार, आणि चौदा-सोळा वर्षांची मजूर पोर. तिनं झटापट करून अंगावर जखमा घ्यायला हव्या होत्या, असाच त्याचा अर्थ निघतो. हा निकाल मी कितीदा वाचला असेल, तरी त्या वाक्यापाशी अजून थांबायला होतं.

वर्षभरानं, १६ सप्टेंबर १९७९ रोजी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धगमवार या कायदा शिकवणाऱ्या चौघांनी देशाच्या सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमतीत शरण जाणं येतं, पण शरण जाण्यात संमती असतेच असं नाही, हा त्यांचा मुद्दा. वकिलीच्या भाषेतलं हे एक साधं वाक्य, पण त्यानं स्त्री चळवळीला हत्यार दिलं. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, ८ मार्च १९८० रोजी ठिकठिकाणच्या शहरांत स्त्रिया रस्त्यावर उतरल्या आणि खटला पुन्हा उघडा म्हणाल्या. खटला काही उघडला नाही. कायदा मात्र हलला.

१९८३ च्या दुरुस्तीनं कोठडीतला बलात्कार हा वेगळा, जास्त कडक शिक्षेचा गुन्हा ठरला. ताब्यातल्या स्त्रीनं ‘माझी संमती नव्हती’ असं सांगितलं, तर न्यायालयानं ते खरं धरून चालायचं. खोटं असेल तर ते आरोपीनं सिद्ध करायचं. खटला बंद दालनात चालवायचा आणि पीडितेची ओळख जाहीर करणं हा गुन्हा मानायचा, हेही त्यातच आलं. पुराव्याचं हे ओझं फिरवलं गेलं ते अशा मोजक्याच परिस्थितींपुरतं. घरात, शेतावर, ओळखीच्या माणसाकडून अत्याचार झालेल्या बाईला उलटतपासणीत तेच जुने प्रश्न विचारले जात राहिले. ती ‘बदचालीची’ आहे असं दाखवायची मुभा आरोपीच्या वकिलाला देणारं पुरावा कायद्यातलं कलम निघायला २००३ साल उजाडलं.

डॉक्टरी तपासणीतली ‘दोन बोटांची चाचणी’, म्हणजे योनीत बोटं घालून बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का ते ठरवणं, त्याहून चिवट निघाली. विदर्भातूनच तिच्याविरुद्ध आवाज उठला: सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यक तज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्या किती निष्काळजीपणे होतात ते मांडलं आणि २०१० साली प्रश्न नागपूर खंडपीठापुढे गेला. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही चाचणी स्त्रीच्या खासगीपणावर आणि प्रतिष्ठेवर घाला आहे असं सांगितलं. तरीही ती चालूच राहिली. शेवटी ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला बजावावं लागलं की यापुढे ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल.

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर न्या. जे. एस. वर्मा, न्या. लीला सेठ आणि गोपाल सुब्रमण्यम यांच्या समितीनं महिन्याभरात अहवाल दिला. त्यावरून २०१३ ची दुरुस्ती आली आणि कायद्यात संमतीची व्याख्या पहिल्यांदा लिहिली गेली: शब्दांनी किंवा खुणांनी दिलेला, स्वेच्छेचा, स्पष्ट होकार. त्याखाली एक ओळ जोडली आहे. स्त्रीनं शरीरानं प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं मानता येणार नाही. १९७८ च्या निकालाला हे थेट उत्तर होतं. त्याला पस्तीस वर्षं लागली.

जुलै २०२४ पासून हे सगळं भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम या नव्या फौजदारी कायद्यांत आलं आहे. ठाण्यात पाऊल टाकण्याआधी माहीत असावं असं त्यात बरंच काही आहे. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला फिर्याद नोंदवावीच लागते. लोक तिला झिरो एफआयआर म्हणतात. अशा गुन्ह्याची फिर्याद घ्यायला नकार देणाऱ्या पोलिसाला स्वतःलाच सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. जबाब पीडितेच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, आईवडील किंवा जवळच्या माणसासमोर घ्यायचा असतो. (देसाईगंजची रात्र आठवून हे कलम वाचावं.) सरकारी असो वा खासगी, रुग्णालयाला उपचार मोफत आणि ताबडतोब द्यावे लागतात, ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणता येत नाही. तपास कुठवर आला ते पोलिसांनी नव्वद दिवसांत कळवायचं. महाराष्ट्रात २०१३ पासून मनोधैर्य योजना आहे. तिच्यातली मदत सुरुवातीला दोन-तीन लाख होती, पुढे कमाल मर्यादा दहा लाखांपर्यंत गेली. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायचं, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत थांबायची गरज नसते.

एक दार मात्र बंदच आहे. बायको अठरा वर्षांवरची असेल, तर नवऱ्यानं केलेली जबरदस्ती बलात्कार ठरत नाही. वर्मा समितीनं हा अपवाद काढायला सांगितलं होतं. नव्या संहितेतही तो तसाच आहे.

१९७८ साली दिल्लीत निकाल लागला तेव्हा त्या मुलीला खटल्यात जागा होती ती फक्त साक्षीदाराची. आरोपी एका बाजूला, महाराष्ट्र राज्य दुसऱ्या बाजूला. निर्दोष सुटकेविरुद्ध पीडितेला स्वतः अपील करता येतं, सरकारी वकिलाला साथ द्यायला आपला वकील देता येतो, हे २००९ च्या दुरुस्तीनंतरचं. पीडितेचं म्हणणं खटल्याच्या प्रत्येक टप्प्यावर ऐकलं गेलं पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट शब्दांत सांगितलं ते २०२२ मध्ये. ही दुरुस्ती, ही व्याख्या, हे कलम, यांतलं काहीच तिच्या खटल्याला लागू झालं नाही. त्या दोन पोलिसांची सुटका कायम राहिली.