डिपोनंट क्रियापदांचा ‘र’ आला कुठून?

लॅटिन शिकताना ‘सेक्वितुर’ हे रूप समोर आले की विद्यार्थी हमखास ‘अनुसरला जातो’ असा अर्थ लावतात, कारण शेवटचा -तुर कर्मणीचा म्हणून पाठ झालेला असतो. खरा अर्थ ‘तो मागून जातो’. रूप कर्मणी, अर्थ कर्तरी, ही डिपोनंटची नेहमीची व्याख्या परीक्षेपुरती ठीक आहे. इतिहास मात्र उलटा आहे.

मूळ इंडो-युरोपीय भाषेत कर्मणीचे वेगळे प्रत्यय नव्हते. कर्तरी आणि मध्यम (क्रियेचा परिणाम कर्त्याकडेच येतो असा) असे दोनच संच होते. संस्कृतातले आत्मनेपद हा त्यातल्या मध्यमाचाच वारसा. पाणिनी आत्मनेपदी धातू सांगतो (१.३.१२) आणि लगेच पुढच्या सूत्रात कर्मणीलाही तेच प्रत्यय देतो. लॅटिनमध्येही मध्यमाचे प्रत्यय कर्मणीच्या कामाला लागले आणि काही क्रियापदे जुन्याच मध्यम अर्थाने राहिली; तीच डिपोनंट. सेक्वितुर आणि सचते (मागून जातो), मोरितुर आणि म्रियते (मरतो) या जोड्या एकाच मुळाच्या आहेत. लभते, सेवते शाळेत शिकलेल्या मराठी वाचकाला डिपोनंट परके वाटायचे कारणच नाही.

प्रश्न उरतो सेक्वितुरच्या शेवटच्या ‘र’चा. तो फक्त इटालिक (लॅटिन व तिच्या बहिणी) आणि केल्टिक (आयरिश वगैरे) भाषांतला समजला जाई. १९०८ मध्ये मध्य आशियातली लुप्त तोखारी भाषा ओळखली गेली, १९१५ मध्ये चेक अभ्यासक ह्रोझ्नी यांनी प्राचीन अनातोलियातली (आजचे तुर्कस्तान) हिटाइट उलगडली, आणि दोन्हींत हा ‘र’ सापडला. हिटाइटमध्ये ‘पडून आहे’ याला कित्ता आणि कित्तारि अशी दोन्ही रूपे आहेत. संस्कृत शेते त्याचाच भाऊबंद. म्हणजे ‘र’ फार जुना.

रूपे चालवताना फसगत ठरलेल्या जागी होते. ‘सेक्वेरे’ हे तुमन्त दिसते, पण ती आज्ञा आहे: ‘मागे ये’, तुमन्त ‘सेक्वी’. वर्तमान कृदन्त ‘सेक्वेन्स’ आणि भविष्य कृदन्त ‘सेकूतूरुस’ रूपानेही कर्तरीच. ‘सेकूतुस’चा अर्थ ‘मागून गेलेला’. इतर क्रियापदांना असे कर्तरी भूत कृदन्त नाही, म्हणून लेखकांना डिपोनंट फार सोयीचे. ऊतोर (वापरणे), फ्रुओर (उपभोगणे), फुंगोर (पार पाडणे), पोतिओर (ताबा मिळवणे), वेस्कोर (खाणे) या पाचांचे कर्म सहसा अब्लेटिव्ह (साधारण आपली पंचमी-तृतीया) विभक्तीत येते. तिथे द्वितीया शोधत बसले की वाक्य लागत नाही. औदेओ (धाडस करणे), गौदेओ (आनंदणे), सोलेओ (सवय असणे), फीदो (विश्वास ठेवणे) ही अर्धी डिपोनंट: वर्तमान कर्तरी, पूर्ण भूतकाळ मात्र डिपोनंटसारखा, ‘औसुस सुम’ (मी धाडस केले).

बोलीत ही रूपे लवकर ढासळली. पहिल्या शतकात रोमन लेखक पेत्रोनियुसच्या ‘सातिरिकॉन’ या कादंबरीतला एक पाहुणा लोक्वी (बोलणे), लोक्वेरिस (तू बोलतोस) ऐवजी लोक्वेरे, लोक्विस म्हणतो. पुढे मोरी (मरणे), सेक्वी, नास्की (जन्मणे) यांची इटालियनमध्ये मोरिरे, सेगुइरे, नाशेरे झाली, सगळी साधी कर्तरी. भूतकाळात मात्र ‘मोर्तुउस एस्त’ (तो मेला) आजही ‘ए मोर्तो’ म्हणून चालू आहे.