आधारचा सुरक्षित क्यूआर कोड

आधारपत्रावर छापलेला आणि भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची डिजिटल स्वाक्षरी असलेला क्यूआर कोड. इंटरनेट नसतानाही, सर्व्हरला काही न विचारता, तो कॅमेऱ्याने वाचून त्यातली माहिती खरी आहे का हे ताडता येते. २०१८ मध्ये तो वापरात आला. आधीच्या कोडमध्ये नाव, पत्ता आणि पूर्ण आधार क्रमांक साध्या मजकुरात असे, स्वाक्षरी नसे; त्यामुळे नाव बदलून नवा कोड छापणे कोणालाही शक्य होते.

नव्या कोडमध्ये नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, छायाचित्र आणि आधार क्रमांकाचे शेवटचे चारच अंक असतात. हे सारे बसवणे सोपे नाही. जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी १९९४ मध्ये विकसित केलेल्या क्यूआर कोडच्या सर्वांत मोठ्या आकारात, म्हणजे १७७ × १७७ चौकोनांत, फार तर ७,०८९ अंक मावतात. बाइटांत मोजले तर तीन किलोबाइटही नाहीत. म्हणून छायाचित्र जेपीईजी २००० पद्धतीने लहान केले जाते, सगळी माहिती जीझिपने आवळली जाते आणि मग ती एका प्रचंड दशमान संख्येच्या रूपात लिहिली जाते. ही युक्ती फार सुंदर आहे. क्यूआर कोड तीन अंक १० बिटांत साठवतो, त्यामुळे जागा जवळजवळ वाया जात नाही. आणि बाइटांना मजकूर समजून बिघडवणारा स्कॅनरसुद्धा अंक जसेच्या तसे देतो.

माहितीच्या अखेरीस २५६ बाइटांची स्वाक्षरी असते. ती प्राधिकरणाच्या खासगी किल्लीने, म्हणजे फक्त त्याच्याकडे असलेल्या गुप्त संख्येने, केलेली असते; तपासणाऱ्या अ‍ॅपकडे फक्त तिच्या जोडीची, सर्वांना खुली असलेली सार्वजनिक किल्ली लागते, आणि ती आधीच फोनमध्ये ठेवता येते. पत्त्यातले एक अक्षर बदलले तरी स्वाक्षरी जुळत नाही.

‘सुरक्षित’ म्हणजे गुप्त, असा समज मात्र चुकीचा आहे. कोडमधली माहिती कूटबद्ध नसते. रचना माहीत असलेला कोणीही ती वाचू शकतो. झेरॉक्सवरचा कोडही मूळ कोडइतकाच खरा ठरतो, कारण स्वाक्षरी माहितीची हमी देते, कागद हातात धरणाऱ्या माणसाची नाही. त्यामुळे पडद्यावर उमटलेले छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी ताडून पाहणे हा पडताळणीचा अनिवार्य भाग आहे. नंतर पत्ता बदलला, तरी जुन्या छापील कोडमध्ये जुनाच पत्ता राहतो आणि त्याची स्वाक्षरीही जुळते.