परदेशी विमान पकडण्याआधी: ठाणे-नवी मुंबईकरांसाठी कागदपत्रांची माहिती

व्हिसा हातात आला की बहुतेक घरांत तयारी संपल्यासारखी वाटते आणि सगळं लक्ष बॅगांच्या वजनाकडे जातं. पण परदेशी जाणाऱ्या प्रवाशाचे कागद तीन ठिकाणी तपासले जातात: विमान कंपनीच्या चेक-इन काउंटरवर, आपल्याकडच्या इमिग्रेशनला आणि उतरल्यावर त्या देशाच्या इमिग्रेशनला. यातली पहिली तपासणी सगळ्यात कडक. अपुऱ्या कागदांचा प्रवासी नेला तर दंड विमान कंपनीला होतो आणि त्याला परत आणण्याची जबाबदारीही तिच्यावरच पडते. त्यामुळे काउंटरवरची व्यक्ती पासपोर्ट उलगडते, मुदत बघते, कोरी पानं चाळते, परतीचं तिकीट मागते आणि संगणकावर त्या देशाचे नियम पडताळते. काही कमी निघालं तर बोर्डिंग पास मिळत नाही. रात्री दोन वाजता तिथे हुज्जत घालून काही साधत नाही, म्हणून तयारी त्या काउंटरच्या हिशेबाने करावी.

ठाणे, डोंबिवली, वाशी, नेरुळ, पनवेल इथल्या कितीतरी घरांतली मुलं परदेशात आहेत आणि आई-वडील त्यांच्याकडे जाऊन राहतात. पुढची माहिती मुख्यतः त्या आई-वडिलांना डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा नजर टाकावीच.

पासपोर्ट: मुदत आणि कोरी पानं

पासपोर्टची मुदत संपायला चार महिने आहेत आणि प्रवास पंधरा दिवसांचा, मग अडचण कसली, असं वाटणं साहजिक आहे. पण यूएई, सिंगापूर यांसारखे बरेच देश पोहोचण्याच्या दिवसापासून पुढे सहा महिन्यांची मुदत मागतात. युरोपातल्या शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटाचा) हिशेब वेगळा: तिथून निघण्याच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा आणि त्यात निदान दोन पानं कोरी हवीत.

मुदत संपण्याच्या एक वर्ष आधीपासून नव्या पासपोर्टसाठी अर्ज करता येतो. ही सवलत वापरा. अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर किंवा एम-पासपोर्ट सेवा ॲपवर भरायचा, फी ऑनलाइन भरून वेळ घ्यायची आणि त्या दिवशी केंद्रावर जायचं. ठाणेकरांना जवळचं पासपोर्ट सेवा केंद्र वागळे इस्टेटमध्ये आहे. ते मुंबईच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतं. ३६ पानी पासपोर्टची फी १५०० रुपये, ६० पानीची २०००. तत्काळ हवा असेल तर वर आणखी २००० रुपये. जुना पासपोर्ट मूळ स्वरूपात न्यायचा, त्याच्या पहिल्या दोन आणि शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या प्रती जोडायच्या, आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा. पत्ता बदलला असेल तर पोलीस पडताळणी धरून चाला. कळव्याहून घोडबंदर रोडला राहायला गेलेल्या माणसाचा आधारवरचा पत्ता जुनाच राहिलेला असतो, आणि पडताळणीला पोलीस जुन्या घरी जातात. आधी आधार बदला, मग अर्ज करा.

नातवंडांसाठी एक नियम लक्षात ठेवा: १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्म दाखला चालतो. महापालिकेच्या दाखल्यावर बाळाचं नाव चढलं आहे ना, हे आधी पाहून घ्या. नुसता ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ असा उल्लेख असलेले दाखले घरोघरी असतात.

नाव: इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात

आपली नाव लिहायची पद्धत तीन पदरी: स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव. पासपोर्टवर मात्र रकाने दोनच, आडनाव आणि नाव. ‘सुनंदा माधव’ हे नावाच्या रकान्यात आणि ‘कुलकर्णी’ आडनावाच्या रकान्यात असेल, तर तिकीटही तसंच काढायचं. मुलाने तिकडून घाईत ‘सुनंदा कुलकर्णी’ एवढंच टाकलं, तर काही कंपन्या चालवून घेतात, काही दुरुस्तीचे पैसे लावतात. तिकीट काढणाऱ्याला पासपोर्टच्या पानाचा फोटो पाठवा आणि नाव त्यावरून बघून भरायला सांगा. फोनवर तोंडी सांगू नका.

जुन्या पासपोर्टांत आडनावाचा रकाना रिकामा आणि संपूर्ण नाव दुसऱ्याच रकान्यात, असंही आढळतं. ज्यांच्या पासपोर्टवर एकच शब्द आहे त्यांची अडचण याहून मोठी. यूएईने नोव्हेंबर २०२२ पासून भेटीच्या आणि पर्यटनाच्या व्हिसावर असे एकनावी पासपोर्ट स्वीकारायचं थांबवलं. काही बाबतींत सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबण्यापेक्षा पासपोर्टमध्ये आडनाव घालून घेणं शहाणपणाचं. दुबईला मुलीकडे जायचं म्हणून सगळं ठरवायचं आणि नावापायी काउंटरवरून परत फिरायचं, हे फार जिव्हारी लागतं.

लग्नानंतर पासपोर्टवरचं नाव बदलायची सक्ती नाही. बदलायचंच असेल तर महापालिकेचं विवाह नोंदणी प्रमाणपत्र काढून ठेवा. नवऱ्याच्या व्हिसावर परदेशी राहायला जाणारीला ते पुढेही लागतं. मात्र पासपोर्टवर सासरचं नाव आणि तिकिटावर माहेरचं, अशी सरमिसळ नको.

व्हिसाची मुदत एक, मुक्कामाची मुदत दुसरी

अमेरिकेचा पर्यटन व्हिसा दहा वर्षांचा मिळतो आणि अनेकांची समजूत होते की हवं तेवढं राहता येईल. व्हिसा म्हणजे त्या देशाच्या दारापर्यंत जाण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही आणि किती दिवस, हे उतरल्यावर तिथला अधिकारी ठरवतो. साधारणपणे सहा महिने मिळतात. ती तारीख आय-९४ नावाच्या नोंदीत असते आणि ती ऑनलाइन पाहता येते. पोहोचल्यावर आठवड्याच्या आत ती पाहून कॅलेंडरवर लिहून ठेवा. त्या तारखेनंतर एक दिवस जरी जास्त राहिलात तरी तो दहा वर्षांचा व्हिसा धोक्यात येतो.

शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं, आणि ते सगळ्या शेंगेन देशांचे मिळून. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. प्रौढांची फी ९० युरो. प्रवासी विम्यात वैद्यकीय खर्चाचं संरक्षण निदान ३०,००० युरोंचं हवं; पॉलिसीच्या कागदावर हा आकडा आणि तारखा स्पष्ट दिसल्या पाहिजेत. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथल्या सीमांवर बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवणारी नवी पद्धत टप्प्याटप्प्याने आली आहे. पहिल्या खेपेला रांगेत जास्त वेळ जाईल, म्हणून पुढचं विमान लगेचचं घेऊ नका.

वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी पाहा. दोन वेगवेगळी तिकिटं काढली असतील तर जास्तच जपा. सामान पुढे जात नाही, ते घेण्यासाठी इमिग्रेशन ओलांडून बाहेर पडावं लागतं, आणि मग त्या देशाचा पूर्ण व्हिसा लागू शकतो. पाच-दहा हजार वाचवण्यासाठी ज्येष्ठांना अशा तिकिटांवर पाठवू नये, असं माझं ठाम मत आहे.

आगमन कार्ड: फुकटच्या फॉर्मला पैसे देऊ नका

विमानात वाटायचे ते कागदी फॉर्म अनेक देशांनी बंद करून ऑनलाइन केले आहेत. थायलंडचं डिजिटल आगमन कार्ड १ मे २०२५ पासून आलं. सिंगापूर आणि मलेशियाचीही अशी कार्डं आहेत. तिन्ही पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायची असतात आणि तिन्ही पूर्णपणे मोफत. शोध घेतला की सगळ्यात वर मात्र पैसे मागणारी संकेतस्थळं येतात, सरकारी शिक्क्यासारखं चिन्ह लावलेली. पैसे मागितले की ते पान बंद करा. सिंगापूरला भारतीयांना व्हिसाही लागतो. आगमन कार्ड भरलं म्हणजे व्हिसा झाला, असं समजू नका.

भारतीय नागरिकांना आपल्या विमानतळावर निघताना कार्ड भरावं लागत नाही. ते १ जुलै २०१७ पासून बंद आहे.

डब्यात काय आहे?

कागदपत्रांच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण प्रवेशाच्या नियमांत सामानही येतं, आणि आपल्याकडच्या आयांना याची पुरेशी कल्पना कुणी देत नाही. यूएई, सौदी अरेबिया आणि सिंगापूरमध्ये खसखशीवर बंदी आहे. खसखस अफूच्या झाडाचं बी, त्यामुळे तिकडे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. आता दिवाळीचा डबा आठवा. अनारसे खसखशीवर थापलेले असतात. मालवणी मसाल्यात खसखस असते, कित्येक घरांच्या गोड्या मसाल्यात असते. प्रेमाने भरून दिलेल्या डब्यापायी विमानतळावर चौकशीला बसावं लागू शकतं. आखातात जाणाऱ्यांनी अनारसे न्यायचेच नाहीत आणि मसाला खसखशीशिवाय दळून घ्यायचा.

औषधांचंही तसंच. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉल, झोपेच्या किंवा चिंतेवरच्या काही गोळ्या यांवर आखाती देशांत कडक नियंत्रण आहे. यूएईत अशा औषधांसाठी आधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. बीपी-शुगरच्या गोळ्यासुद्धा मूळ पाकिटातच ठेवा, आणि डॉक्टरांकडून घटकाच्या नावासह इंग्रजीत प्रिस्क्रिप्शन घ्या. आठवड्याच्या कप्प्यांच्या डबीत गोळ्या भरायच्या त्या तिथे पोहोचल्यावर.

ऑस्ट्रेलियाला जाताना खाण्याचा प्रत्येक पदार्थ प्रवासी कार्डावर लिहा. लिहिलेला पदार्थ फार तर ते काढून घेतील. न लिहिता सापडला तर जागच्या जागी दंड होतो.

लसी

आफ्रिकेत किंवा दक्षिण अमेरिकेत जाणाऱ्यांना पीतज्वराची लस पाहा. केनियाची जंगल सफर करून पिवळ्या पुस्तिकेशिवाय, म्हणजे या लसीच्या प्रमाणपत्राशिवाय परतलात तर भारतातच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस घेतल्यावर प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवरच घ्यायची. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडे ती मिळते. साठीपुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं.

आखातात नोकरीला जाणाऱ्यांसाठी

मुंब्रा, भिवंडी, कल्याणहून अनेक जण कामासाठी आखातात जातात. दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर बहुतेक वेळा ईसीआर (परदेशी नोकरीआधी सरकारी तपासणी आवश्यक) असा शेरा असतो. असा पासपोर्ट घेऊन सौदी, यूएई, कुवेत, कतार, ओमान, मलेशिया अशा ठरलेल्या १८ देशांत नोकरीसाठी जायचं तर ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावरून उत्प्रवास मंजुरी, म्हणजे तिकडे कामाला जाण्याची सरकारी परवानगी लागते. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा घ्यावा लागतो. त्याचा हप्ता दोन वर्षांना २७५ आणि तीन वर्षांना ३७५ रुपये. नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेता येत नाही. ‘आत्ता व्हिजिट व्हिसावर चला, तिकडे गेल्यावर बघू’ असं म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेटवर तपासा आणि करारावर पगाराचा आकडा वाचल्याशिवाय पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका.

निघण्याचा दिवस

तिकिटावर विमानतळाचा संकेत बघा: बीओएम म्हणजे मुंबई, एनएमआय म्हणजे नवी मुंबई. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं सुटू लागली आणि सुरुवात देशांतर्गत सेवेने झाली. तिथून दिल्लीला जाऊन पुढे परदेशी जाणार असाल तर इमिग्रेशन साधारणपणे दिल्लीला होतं, तेवढा वेळ मध्ये ठेवा. मुंबईहून परदेशी जाणारी विमानं सहारच्या टर्मिनल दोनवरून सुटतात. तीन तास आधी पोहोचायचं म्हणजे घोडबंदर रोड किंवा वाशीच्या पुलावरची गर्दी वगळून तीन तास.

सगळे कागद छापून एका पारदर्शक फोल्डरमध्ये ठेवा: पासपोर्ट, व्हिसा, दोन्ही वेळचं तिकीट, विमा, मुलाचा पत्ता, फोन नंबर आणि त्याच्या निमंत्रण पत्राची प्रत. फोल्डर आईच्या किंवा बाबांच्या हातातल्या पिशवीत हवं. मुलाच्या मोबाइलमधल्या पीडीएफचा उपयोग नाही, कारण त्या वेळी तिकडे तो ऑफिसात किंवा झोपलेला असतो. नातवंडाला एकट्या पालकासोबत किंवा आजी-आजोबांसोबत नेत असाल तर दुसऱ्या पालकाचं नोटरी केलेलं संमतिपत्र बरोबर ठेवा.

वरचेवर जाणाऱ्यांनी फास्ट ट्रॅक इमिग्रेशन योजनेत नाव नोंदवावं. मुंबईत ती जानेवारी २०२५ पासून आहे, भारतीय नागरिकांना आणि ओसीआय कार्डधारकांना (भारतीय मुळाच्या परदेशी नागरिकांना) खुली आहे आणि मोफत आहे. ऑनलाइन अर्ज करून बोटांचे ठसे आणि चेहरा एकदा नोंदवला की ई-गेटमधून जाता येतं. नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टच्या मुदतीपर्यंत, जे आधी संपेल तोपर्यंत चालते.

अंगावर बरेच दागिने घालून जाणार असाल तर निघतानाच कस्टम्सकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, म्हणजे परतताना ते इथलेच आहेत हे दाखवता येतं. भारतीय चलन २५,००० रुपयांपर्यंतच जवळ ठेवता येतं. परतताना परकीय नोटा ५,००० डॉलरपेक्षा जास्त, किंवा नोटा आणि ट्रॅव्हलर्स चेक मिळून १०,००० डॉलरपेक्षा जास्त असतील, तर ते कस्टम्सला लिहून द्यावं लागतं.

सुट्टीत तिकडून परदेशी नागरिक असलेली सून किंवा जावई येणार असेल तर त्यांच्यासाठी भारताचंही ई-आगमन कार्ड १ ऑक्टोबर २०२५ पासून आहे. पोहोचण्याच्या आधीच्या ७२ तासांत ते ऑनलाइन भरायचं, फी नाही. व्हिसा त्याहून वेगळा. ई-व्हिसाचा अर्ज त्यांनी स्वतःच्या पासपोर्टवर, सरकारी संकेतस्थळावरूनच करायचा.