लॅपटॉप शेजाऱ्याच्या वायफायला का चिकटतो?

"मन्हा लॅपटॉप सोताच वरला मजलाना वायफायले चिकटी जास!" अमळनेरात सेतू केंद्र चालवणाऱ्या मित्राची ही तक्रार. पीक विम्याचे दिवस, दारात शेतकऱ्यांची रांग, आणि प्रिंट देऊनही प्रिंटर ढिम्म. प्रिंटर त्याच्या स्वतःच्या राउटरवर होता, लॅपटॉप मात्र वरच्या मजल्यावरच्या क्लासच्या वायफायवर जाऊन बसला होता. एकाचा नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) १९२.१६८.१ ने सुरू होणारा, दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, म्हणजे दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर. दोघं एकाच टेबलावर, पण एकमेकांना दिसणार कसे?

मित्राचं निदान असं, की वरचं सिग्नल तगडं आहे म्हणून ते लॅपटॉपला ओढून घेतं. हेच निदान मी धुळ्या-जळगावच्या चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकतो. ते चूक आहे.

राउटर कुणाला ओढत नाही. तो फक्त ओरडतो. चोपड्याच्या रस्त्यावर काळी-पिवळीवाला 'चोपडा, चोपडा' करत उभा असतो, तसा राउटर आपलं नाव दर १०२.४ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला जवळपास दहा वेळा, हवेत सोडत राहतो. या छोट्या संदेशाला बीकन म्हणतात. त्यात नाव असतं, कुलूप कोणत्या प्रकारचं आहे ते असतं, वेग वगैरे असतो. नावाला जागा फक्त ३२ बाइटची. देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात. म्हणून 'मुक्ताईनगर' ३० बाइटमध्ये कसंबसं बसतं, पुढे 'वायफाय' लावायला जागाच उरत नाही.

गाडी निवडतो तो प्रवासी, म्हणजे लॅपटॉप. आपण पूर्वी ज्या ज्या नेटवर्कला जोडलो त्यांची यादी तो जपून ठेवतो आणि हवेत ऐकू आलेली नावं त्या यादीशी ताडून पाहतो. मित्राने कधीतरी, स्वतःचं नेट बंद असताना, क्लासवाल्या सरांकडून पासवर्ड घेतला होता. तेव्हा 'आपोआप जोडा' ही खूण तशीच राहिली आणि सरांचं वायफाय यादीत कायमचं बसलं. मग स्वतःचा राउटर वीज गेल्यावर क्षणभर जरी बंद पडला, तरी लॅपटॉप यादीतलं पुढचं नाव पकडतो आणि बऱ्याचदा तिथेच रमतो. सिग्नलची ताकद मुख्यतः महत्त्वाची ठरते ती एकाच नावाचे अनेक राउटर असतील तेव्हा.

म्हणून उपाय राउटरवर नाही, लॅपटॉपवर आहे. विंडोजमध्ये सेटिंग्जमधून 'मॅनेज नोन नेटवर्क्स' उघडा, नको ते नाव निवडा, 'कनेक्ट ऑटोमॅटिकली' समोरची खूण काढा. पासवर्ड राहतो, आगाऊपणा जातो. पुन्हा कधीच लागणार नसेल तर सरळ 'फरगेट'. मॅकवर हीच सोय 'ऑटो-जॉइन' नावाने आहे. आणि लॅपटॉप दिवसभर एकाच टेबलावर असेल तर राउटरपासून वायर ओढा, भानगडच नको.

इथवर सोपं होतं. मला खरी गंमत वाटते ती पुढची. नाव तर कुणीही कुणाचंही लावू शकतो, मग लॅपटॉप खऱ्या राउटरला ओळखतो कसा? वायफायच्या कुलपाच्या डब्ल्यूपीए-२ या पद्धतीत पासवर्ड हवेतून जातच नाही. आधी पासवर्ड आणि नेटवर्कचं नाव एकत्र घेऊन ते ४०९६ वेळा घुसळतात. त्यातून २५६ बिटांची मूळ किल्ली निघते. पासवर्ड तोच ठेवून नाव बदललं तरी किल्ली बदलते! मग राउटर एक यादृच्छिक संख्या पाठवतो, लॅपटॉप आपली एक पाठवतो. मूळ किल्ली, या दोन संख्या आणि दोघांचे ४८ बिटांचे हार्डवेअर पत्ते मिळून त्या भेटीपुरती नवी किल्ली तयार होते. दुसऱ्या संदेशावर लॅपटॉप त्या किल्लीने शिक्का मारतो, तिसऱ्यावर राउटर. ज्याला पासवर्ड माहीत नाही त्याला हा शिक्का बरोबर मारता येत नाही. म्हणजे लॅपटॉप फक्त स्वतःला सिद्ध करत नाही, तिसऱ्या संदेशात राउटरचीही परीक्षा घेतो. एकूण चार संदेश, आणि सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत.

बिनपासवर्डच्या वायफायला ही परीक्षाच नाही. रेल्वे स्थानकांवरचं मोफत वायफाय घ्या. ओटीपी मागतात, पण तो जोडल्यानंतर, आणि तोही तुमची ओळख पटवायला. वायफायची नाही. तेच नाव लावून कुणी भुसावळच्या फलाटावर मोबाइलचा हॉटस्पॉट उघडला, तर लॅपटॉप बिनदिक्कत जाऊन बसेल. डिनो दाई झोवी आणि शेन मॅकॉले या संगणक-सुरक्षा संशोधकांनी २००५ मध्ये नेमकी ही खोड दाखवली होती. त्या काळचे लॅपटॉप यादीतली नावं स्वतःच पुकारत, आणि या दोघांचं 'कर्मा' नावाचं साधन प्रत्येक हाकेला 'हो, तो मीच' म्हणे. आजच्या यंत्रणा असं सहसा पुकारत नाहीत, पण खुली नेटवर्कं यादीतून काढणं शहाणपणाचंच.

राउटर ईशान्य कोपऱ्यात ठेवा, नेट पळेल, असं सांगणारे वास्तुवाले आता आपल्याकडेही निघाले आहेत. रेडिओलहरींना ईशान्य कळत नाही. जुन्या धाब्याच्या घरातली जाडजूड मातीची भिंत मात्र बरोबर कळते.

राहिला नाव लपवण्याचा सल्ला. अनेकांना तो सुरक्षिततेचा वाटतो, होतं उलटंच. राउटर नाव सांगत नाही म्हटल्यावर लॅपटॉपलाच विचारावं लागतं, 'अमकं आहे का इथे?' आणि आपोआप जोडण्याची खूण असेल तर घरी, एसटी स्टँडवर, कचेरीत, सगळीकडे तो तेच विचारत फिरतो. लपवलेलं नाव असं गावभर होतं. त्यापेक्षा नाव उघडं ठेवा आणि पासवर्ड लांब करा.