स्तन काढल्यावर पुढे काय? हा प्रश्न बाईला कधीपासून विचारला जाऊ लागला

कॅन्सरमुळे स्तन काढावा लागणार हे कळलं की पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो. स्तन पुन्हा घडवून घ्यायचा का? त्याच ऑपरेशनमध्ये, की सगळे उपचार संपल्यावर? की छाती सपाटच ठेवायची? हे त्या बाईलाच विचारायला हवं, असं आज आपण सहज म्हणतो. पण स्तन घडवण्याचे प्रयत्न सव्वाशे वर्षांपूर्वीच सुरू झाले होते. तिला विचारायची रीत त्यामानाने अगदी अलीकडची आहे.

अमेरिकेत बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी 1894 मध्ये आपली शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. तीत स्तनाबरोबर छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसीकाग्रंथीही काढल्या जात. जितकं जास्त काढू तितका रोग मुळासकट जाईल, या समजुतीवर पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं गेली. बाई वाचली तरी कातडीखाली बरगड्या मोजता येत, हात सुजून जड होई. त्या जागी काही घडवणं तर सर्जनना धोक्याचंच वाटे, कारण उलटलेला रोग नव्या कातडीखाली झाकला जाईल अशी धास्ती होती. इटलीत इजिनिओ तान्सिनी यांनी 1906 मध्ये पाठीचा स्नायू कातडीसकट पुढे वळवून छातीची जखम भरली होती. ती युक्ती 1970 च्या दशकापर्यंत जवळपास विस्मरणात गेली.

शरीराचा तुकडा रक्तपुरवठा न तोडता शेजारी वळवायचा, ही कल्पना मात्र आपल्याला परकी नाही. पुण्यात कावसजी नावाच्या गाडीवानाचं कापलेलं नाक कपाळाच्या कातडीतून पुन्हा घडवलं गेलं, आणि 1794 मध्ये लंडनच्या मासिकात त्याची हकिकत छापून आल्यावर युरोपातल्या सर्जनचे डोळे उघडले. स्तनापर्यंत यायला त्या विद्येला बराच वेळ लागला. 1962 मध्ये अमेरिकेत ह्यूस्टनला क्रोनिन आणि जेरो या सर्जननी पहिलं सिलिकॉनचं इम्प्लांट, म्हणजे कातडीखाली बसवायची मऊ पिशवी, बसवलं. 1982 मध्ये हार्ट्रॅम्फ यांनी पोटाची चरबी, कातडी आणि स्नायू वर सरकवून स्तन घडवल्याचं मांडलं. पुढे 1990 च्या दशकात पोटाचा स्नायू जागेवर ठेवून फक्त चरबी-कातडी बारीक रक्तवाहिन्यांसकट नेऊन जोडणं जमलं.

एवढे पर्याय झाले, पण निवड कोणाची? 1970 च्या दशकापर्यंत अमेरिकेतली सर्रास पद्धत अशी होती: बाई एकाच संमतीपत्रावर सही करून भूल घ्यायची, गाठीचा तुकडा तपासायला जायचा, आणि त्यात कॅन्सर निघाला तर त्याच भुलेत स्तन काढून टाकला जायचा. शुद्धीवर आल्यावर स्तन आहे की नाही, हे तिला पट्टी चाचपून कळायचं. हे दृश्य मला फार अस्वस्थ करतं. 1974 मध्ये गाठ लागलेल्या पत्रकार रोझ कुश्नर यांनी आधी फक्त बायोप्सी, म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी, करा म्हणून आग्रह धरला, तेव्हा एकामागून एक सर्जननी नकार दिला. त्या थांबल्या नाहीत. 1979 मध्ये अमेरिकी राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीत त्या बसल्या, आणि तपासणी व शस्त्रक्रिया दोन वेगळ्या पायऱ्या असाव्यात अशी शिफारस झाली. मधले ते थोडे दिवस म्हणजेच विचार करायला मिळालेला वेळ. पुनर्रचनेबद्दल, म्हणजे स्तन पुन्हा घडवण्याबद्दल, आधी बोलायला जागा झाली ती तिथे.

मग कायदे आले. 1998 च्या अमेरिकी कायद्याने स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विमा योजनांना पुनर्रचनेचा, दुसरा स्तन जुळवून घेण्याचा आणि कृत्रिम स्तनाचाही खर्च देणं भाग पाडलं. न्यूयॉर्क राज्याने 2010 मध्ये ऑपरेशनपूर्वी ही माहिती देणं रुग्णालयांना बंधनकारक केलं. सिलिकॉनची कथा मात्र वाकडीतिकडी आहे. 1992 मध्ये अमेरिकेत त्यावर निर्बंध आले, 2006 मध्ये ते उठले, आणि 2019 मध्ये खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट लिम्फोमा या लसीकापेशींच्या कॅन्सरच्या एका दुर्मिळ प्रकारामुळे जगभरातून परत मागवली गेली. म्हणजे एका वर्षी दिलेला सल्ला दहा वर्षांनी तसाच राहील याची खात्री नव्हती.

माहितीचा कागद हातात दिला म्हणजे निर्णय सोपा होतो असं नाही. कॅनडात ओटावाला ॲनेट ओ'कॉनर आणि सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात रुग्णाला असे निर्णय घ्यायला मदत करणारी चौकट बांधली. तिच्यावर आधारलेल्या 'निर्णय-सहायिके'त पर्याय आणि त्यांचे धोके तर असतातच, पण बाईला स्वतःचं मन तपासायलाही लावतात. एकाच ऑपरेशनमध्ये मोकळं होणं तुम्हाला किती महत्त्वाचं? पोटावर लांब व्रण चालेल का? इम्प्लांट पुढे कधी बदलावं लागलं तर? नव्या स्तनाला पूर्वीसारखी संवेदना नसेल, हे ठाऊक आहे का? रेडिएशन होणार असेल तर इम्प्लांटभोवती कातडी आवळून कडक होण्याची शक्यता वाढते, हेही तिथेच सांगायचं. सिडनीच्या मॅक्वारी विद्यापीठात खास या निर्णयासाठी केलेल्या ऑनलाइन सहायिकेने बायकांची घालमेल कमी झाल्याचं 2016 मध्ये दिसलं.

2018 चा नॉर्थ कॅरोलायनातला अभ्यास मला सगळ्यात बोलका वाटतो. पुनर्रचना न करणाऱ्या बायकांनी पुढचं आयुष्य होतं त्यापेक्षा वाईट कल्पिलं होतं, आणि करून घेणाऱ्यांनी होतं त्यापेक्षा चांगलं. वर्षभरानंतर कसं वाटेल याचा अंदाज ऑपरेशनआधी कोणालाच नीट येत नाही. म्हणून त्यातून गेलेल्या दोघीतिघींशी, करून घेतलेल्या आणि न घेतलेल्याही, गाठ घालून देणं हा उपचाराचाच भाग मानायला हवा.

आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत पुनर्रचना होते. पण गाठ उशिरा दाखवली जाते, केमो आणि रेडिएशनचा खर्च आधीच अंगावर येतो, आणि सल्ला बऱ्याचदा नवऱ्याला किंवा मुलाला दिला जातो. 'आता या वयात कशाला' हे वाक्य तर तिच्यासमोरच बोललं जातं. ठाणे-मुंबईकडे काही बायका सुती दोऱ्याने स्तन विणतात, आत मऊ भरण घालतात आणि गरजूंना मोफत देतात. वजनाला हलका, ब्लाउजच्या आत बसणारा, घरी हाताने धुता येणारा. 'नको' किंवा 'आत्ता नको' म्हणणारीला तो द्यायचा तर तिचं माप घ्यावं लागतं, आणि त्यासाठी कुणीतरी तिलाच विचारतं.