अध्यापन साहाय्यक : अमेरिकी विद्यापीठांच्या भाषा विभागांतील नेमणूक धोरणे

अमेरिकेतील विद्यापीठांत एम.ए. किंवा पीएच.डी. करता करता आपल्याच विभागात पदवीच्या मुलांना शिकवणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापन साहाय्यक म्हणतात. बोलण्यात सगळीकडे ‘टीए’ चालते. पदनाम मात्र विद्यापीठागणिक बदलते. बर्कली आणि मिशिगन येथे ते ‘ग्रॅज्युएट स्टुडंट इन्स्ट्रक्टर’ आहे, हार्वर्डमध्ये ‘टीचिंग फेलो’. मोबदला सहसा शिक्षणशुल्कात माफी, मासिक विद्यावेतन आणि आरोग्यविमा अशा रूपांत मिळतो. नेमणुकीचे नियम एका जागी सापडत नाहीत. काही पदव्युत्तर विद्यालयाच्या नियमावलीत असतात, काही विभागाच्या पुस्तिकेत, काही कामगार संघटनेबरोबरच्या करारात, आणि उरलेले कामगार, कर व व्हिसाविषयक कायद्यांत. या साऱ्यांच्या मुळाशी एकच वाद आहे : टीए हा शिकता शिकता थोडे शिकवणारा विद्यार्थी, की विद्यापीठाचा नोकर? भाषा विभागात हा वाद जितका टोकदार होतो तितका क्वचितच कुठे होत असेल.

भाषा विभागातील कामाचे स्वरूप

याचे कारण, तेथे ‘साहाय्यक’ हा शब्दच फसवा आहे. रसायनशास्त्राचा टीए प्रयोगशाळा सांभाळतो. इतिहासात प्राध्यापक मोठ्या सभागृहात व्याख्यान देतात आणि टीए वीस-पंचवीस जणांचा चर्चातास घेतो. स्पॅनिश किंवा जर्मनच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मात्र प्राध्यापक बहुधा येतच नाहीत. आठवड्याचे चार-पाच तास, पहिल्या दिवसाच्या हजेरीपासून शेवटच्या श्रेणीपर्यंत, वर्ग एकट्या टीएचा असतो. विद्यापीठाच्या नोंदीतही त्या तुकडीचा अध्यापक म्हणून त्याचेच नाव लागते. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात स्पॅनिशच्या प्राथमिक पातळीच्या कितीतरी तुकड्या एकाच वेळी चालतात, त्यामुळे हे मनुष्यबळ काढून घेतले तर भाषेची अट असलेल्या पदव्याच अडतील.

भाषा-साहित्याच्या अध्यापकांच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनने (स्थापना १८८३) २००७ च्या अहवालात या रचनेवर बोट ठेवले. खालच्या वर्गांतील ‘भाषा’ टीए आणि कंत्राटी अध्यापकांकडे, वरच्या वर्गांतील ‘साहित्य’ कायम प्राध्यापकांकडे, अशी दुमजली व्यवस्था मोडावी, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. मजले अजून बहुतेक ठिकाणी तसेच आहेत.

टीए आणि विभाग यांच्यामधला दुवा म्हणजे भाषा कार्यक्रमाचा समन्वयक. समान अभ्यासक्रम, समान पाठ्यपुस्तक, समान परीक्षा ही त्याची जबाबदारी असते. सत्र सुरू होण्याआधीचा, साधारण ऑगस्टमधला प्रशिक्षणाचा आठवडा, पहिल्या सत्रातील अध्यापनपद्धतीचा श्रेयांक असलेला अभ्यासक्रम, दर आठवड्याची बैठक आणि वर्गात मागे बसून केलेले निरीक्षण हेही तोच पाहतो. या समन्वयकांची ‘एएयूएससी’ ही संस्था १९८० मध्ये स्थापन झाली. निरीक्षणाचा अहवाल पुढच्या नेमणुकीच्या फायलीत जातो, त्यामुळे समन्वयक एकाच वेळी गुरू आणि साहेब असतो. प्रशिक्षणाच्या आठवड्याचे पैसे मिळायला हवेत की ते शिक्षणाचाच भाग धरावे, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतो, पण मूळचा ‘विद्यार्थी की नोकर’ हा वाद त्यात जसाच्या तसा उतरलेला असतो.

निवड आणि नेमणूकपत्र

टीएची निवड वेगळ्या भरतीने होत नाही, ती पदव्युत्तर प्रवेशाबरोबरच ठरते. अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांनी मान्य केलेल्या ठरावानुसार अशा आर्थिक साहाय्याच्या देकारावर १५ एप्रिलपूर्वी उत्तर देण्याची सक्ती विद्यार्थ्यावर करता येत नाही. देकारपत्रात पाच वर्षांच्या साहाय्याची हमी असली, तरी ती ‘अभ्यासात समाधानकारक प्रगती’ या अटीवर असते, आणि प्रत्यक्ष नेमणूकपत्र दर वर्षी किंवा दर सत्राला नव्याने निघते. हमी पैशाची असते, विशिष्ट वर्गाची नव्हे. पुरेशी मुले न आल्याने तुकडी रद्द झाली, तर टीएला दुसऱ्या तुकडीवर किंवा दुसऱ्याच कामाला लावता येते. कमी शिकवल्या जाणाऱ्या भाषांमध्ये हे वारंवार घडते. तेथे टीए मुळात मानवशास्त्र किंवा तौलनिक साहित्य अशा दुसऱ्या विभागाचा असण्याचाही संभव असतो. मग त्याची प्रगती एक विभाग तपासतो आणि काम दुसरा.

भाषेवरील प्रभुत्वाची अट दुहेरी असते. शिकवायच्या भाषेत ते मुलाखतीतून किंवा बोलण्याच्या प्रमाणित चाचणीतून पाहतात. इंग्रजीचा प्रश्न परदेशी उमेदवारांना लागू होतो. शिक्षकाचे इंग्रजी कळत नाही अशा तक्रारी वाढल्यावर १९८० च्या दशकात अनेक राज्यांनी बोली इंग्रजीच्या पात्रतेचे कायदे केले. फ्लोरिडाच्या कायद्याने मुख्यतः परभाषेतून चालणाऱ्या वर्गांच्या अध्यापकांना त्यातून स्पष्टपणे वगळले, आणि ते शहाणपणाचेच झाले. वर्गात इंग्रजीचा एक शब्द वापरू नये असा दंडक असलेल्या फ्रेंचच्या शिक्षकाची इंग्रजी उच्चारांवरून पारख करण्यात फारसा अर्थ नसतो. पण सूट मिळाली नाही, तर शिकवायची भाषा हीच मातृभाषा असलेल्या टीएलाही विद्यापीठाची इंग्रजीची चाचणी द्यावीच लागते.

फुलब्राइट या अमेरिकी सरकारच्या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या योजनेखाली येणारे परदेशी भाषा साहाय्यक हा निराळा वर्ग आहे. ते पदवीसाठी आलेले नसतात. एका शैक्षणिक वर्षापुरते येऊन आपली भाषा शिकवतात आणि परत जातात. विभागाच्या टीएंना लागू असणारे नूतनीकरणाचे नियम त्यांना लागत नाहीत.

तासांचा हिशेब

प्रमाण नेमणूक ‘पन्नास टक्के’ असते, म्हणजे आठवड्याला वीस तास. पाव नेमणुकीत दहा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या करारात अर्ध्या नेमणुकीची कमाल सत्रपद्धतीत ३४० तास आणि तिमाही पद्धतीत २२० तास धरली आहे. तसेच एखाद्याला टीए म्हणून जास्तीत जास्त १८ तिमाहींपर्यंतच नेमता येते.

कागदावरचे वीस तास भाषेच्या वर्गात कसे सरतात ते मोडून पाहण्यासारखे आहे. पाच तास वर्ग, दोन तास विद्यार्थ्यांना भेटण्याचे, एक तास समन्वयकाची बैठक. उरले बारा. त्यातून रोजच्या पाठाची तयारी वजा करा, आणि वीस मुलांच्या निबंधांना प्रत्येकी वीस मिनिटे द्या. तपासणीतच पावणेसात तास जातात, आणि लेखन दुरुस्त करून परत दिले की मुले सुधारित मसुदा आणतात. तोंडी परीक्षा तर एकेकट्यानेच घ्याव्या लागतात. म्हणून तुकडीतील संख्या ही शैक्षणिक बाब दिसत असली, तरी टीएच्या दृष्टीने ती नोकरीची अट असते. परभाषा शिक्षकांची ‘ॲक्टफल’ ही संस्था तुकडीत १५ पेक्षा अधिक विद्यार्थी नसावेत अशी शिफारस करते. प्रशासनाला पंचविसावा विद्यार्थी फुकट वाटतो, पण त्याच्या वह्या कोणीतरी तपासतच असते.

जादा तासांचे पैसे मिळवण्याचा मार्ग कायद्यात जवळजवळ नाही. अध्यापन हेच ज्यांचे मुख्य काम आहे, अशा टीएंना संघीय कामगार खाते ‘शिक्षक’ धरते, आणि शिक्षकांना किमान वेतन व जादा कामाच्या वेतनाच्या तरतुदी लागू नाहीत. तेव्हा वाढलेल्या तासांविरुद्ध दाद मागायची ती फक्त करारातल्या कलमांवरून, करार असेल तर.

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावर आलेल्या परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना परिसरात आठवड्याला २० तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही. सुट्टीत पूर्णवेळ चालते. अर्धी नेमणूक ही मर्यादा काठोकाठ भरते. स्थानिक सहकारी ग्रंथालयात चार तास जादा काढून भाडे भागवू शकतो, परदेशी टीए नाही. परीक्षेच्या आठवड्यात काम वीस तासांबाहेर गेले, तर सहकाऱ्याला तो वैताग वाटेल, परदेशी टीएच्या मनात मात्र व्हिसाची धास्ती असते. भाषा विभागांत परदेशी टीएंचे प्रमाण मोठे असल्याने समन्वयकाला हा नियम तोंडपाठ असावा लागतो.

पैसा आणि कर

शुल्कमाफीचा आकडा विद्यावेतनाहून मोठा असू शकतो, पण तो हातात येत नाही. अध्यापन वा संशोधन साहाय्यकांची शुल्कमाफी करमुक्त ठेवण्याची तरतूद प्राप्तिकर संहितेच्या कलम ११७ मध्ये आहे. २०१७ साली प्रतिनिधिगृहाच्या करविधेयकात ती काढून टाकण्याचा प्रस्ताव आला. न पाहिलेल्या पैशावर कर भरावा लागणार म्हणून देशभर विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि अंतिम कायद्यातून तो गळला. विद्यावेतन मात्र करपात्र आहे. किमान अर्धवेळ नोंदणी असलेल्या विद्यार्थ्याच्या विद्यापीठातील पगारातून सामाजिक सुरक्षेची ७.६५ टक्के वजावट होत नाही. हातात थोडे जास्त पडते, पण शिकवण्याची ती पाच-सहा वर्षे निवृत्तिवेतनाच्या हिशेबात धरली जात नाहीत.

वर्गातील जबाबदाऱ्या

विभागांच्या पुस्तिकांचा हा भाग बराचसा सारखा असतो. विद्यार्थ्यांचे गुण व नोंदी १९७४ च्या गोपनीयता कायद्याने संरक्षित आहेत. मुलाच्या पालकांनी फोन केला तरी त्याची श्रेणी सांगता येत नाही. आपल्या वर्गातील विद्यार्थ्याची पैसे घेऊन शिकवणी करणे आणि त्याच्याशी प्रेमसंबंध ठेवणे यांना मनाई असते. आजारपणात बदली शिक्षक शोधण्याचे काम टीएने स्वतः करायचे की समन्वयकाने, हे लिखित असलेले बरे. नाहीतर टीए आपसांत उसनवारीने तास चालवतात आणि आजारपणाची रजा कागदावरच राहते. श्रेणी टीए देतो, पण तक्रार झाली तर निर्णय समन्वयक किंवा विभागप्रमुखाचा.

संघटना आणि न्यायनिर्णय

सार्वजनिक विद्यापीठांतील टीए राज्यांच्या कायद्याखाली येतात, खासगी विद्यापीठांतील संघीय कायद्याखाली, आणि दोन्हीकडचा इतिहास वेगळा आहे. विस्कॉन्सिन-मॅडिसन येथील संघटना १९६६ मध्ये सुरू झाली. १९७० च्या संपानंतर तिने पहिला करार मिळवला, आणि या प्रकारच्या संघटनांत ती सर्वांत जुनी मानली जाते. मिशिगनमध्ये १९७५ च्या संपातून करार झाला. राज्याने दिलेला हक्क राज्य काढूनही घेऊ शकते. २०११ मध्ये विस्कॉन्सिनने सार्वजनिक कर्मचाऱ्यांचा सामूहिक वाटाघाटींचा अधिकार छाटला, तेव्हा राज्याच्या विधानभवनात ठिय्या देणाऱ्यांत टीए आघाडीवर होते.

खासगी विद्यापीठांचा निकाल राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाकडे असतो, आणि मंडळाचे सदस्य राष्ट्राध्यक्ष नेमतात. त्यामुळे उत्तर लंबकासारखे हलत राहिले. २००० मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठाच्या प्रकरणात टीए नोकर ठरले. २००४ मध्ये ब्राउन प्रकरणात ते ‘प्रामुख्याने विद्यार्थी’ ठरले. २०१६ मध्ये कोलंबिया प्रकरणात ३ विरुद्ध १ मतांनी पुन्हा नोकर. एक माणूस एकाच वेळी विद्यार्थी आणि नोकर दोन्ही असू शकतो, ही साधी गोष्ट मान्य व्हायला इतकी वर्षे लागली. २०१९ मध्ये नियम करून त्यांना पुन्हा वगळण्याचा प्रस्ताव आला, तो २०२१ मध्ये मागे घेण्यात आला.

संपाचे हत्यार भाषा विभागात विशेष परिणामकारक ठरते, कारण प्राध्यापकांनी वर्ग घ्यायचे म्हटले तरी तुकड्यांची संख्याच त्यांच्या आवाक्याबाहेर असते. गुण रोखून धरणे हा दुसरा मार्ग. येलमध्ये १९९५ च्या अखेरीस तो वापरला गेला. नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातील सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी सहा आठवड्यांचा संप केला. त्यानंतरच्या करारात अर्ध्या नेमणुकीवरील टीएचे नऊ महिन्यांचे किमान वेतन ऑक्टोबर २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्याने ३४,००० डॉलरवर आणि बर्कली, लॉस एंजेलिस व सॅन फ्रान्सिस्को येथे ३६,५०० डॉलरवर नेण्याचे ठरले.

वेतन वाढले तसा जागांचा प्रश्न उभा राहिला. बोस्टन विद्यापीठातील सुमारे सात महिन्यांचा संप ऑक्टोबर २०२४ मध्ये मिटला, आणि पुढच्याच महिन्यात विद्यापीठाने मानव्यविद्या व सामाजिक शास्त्रांतील सुमारे डझनभर पीएच.डी. कार्यक्रमांचे नवे प्रवेश पुढील वर्षापुरते थांबवले. भाषा विभागांच्या पायाखालची जमीन तर आधीच सरकत होती. मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या गणनेनुसार २०१६ ते २०२१ या काळात इंग्रजीखेरीज अन्य भाषांच्या वर्गांतील नोंदणी १६.६ टक्क्यांनी घटली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने जागतिक भाषांचे पदवी कार्यक्रमच बंद केले. विभागाला पदव्युत्तर कार्यक्रम उरला नाही की त्याला स्वतःचा टीएही उरत नाही, आणि राहिलेल्या तुकड्या मोजक्या कंत्राटी अध्यापकांकडे जातात.